विमा कंपनीपुढे हात पसरू नका, काटा घेऊन जा



आपल्या जिल्हा बैठकीत दरवर्षी एक ठराव ठरलेला असतो. 'पीकविम्याची रक्कम तातडीने मिळावी.' सूचक उठतो, अनुमोदक उठतो, टाळ्या पडतात, ठराव मंजूर होतो. दुसऱ्या दिवशी पाचपंचवीस माणसे निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीवर जातात. साहेब निवेदन घेतात, 'वर कळवतो' म्हणतात. आपण चहा पिऊन परत येतो. पुढच्या वर्षी पुन्हा तोच ठराव, तेच निवेदन. तारीख तेवढी बदललेली असते.

मीही अशी निवेदने दिली आहेत. एकदा कलेक्टर कचेरीतच कंपनीचा माणूस बसलेला होता. पंचविशीतला पोरगा. त्याने आम्हाला तीन प्रश्न विचारले. तुमच्या मंडळाचे उंबरठा उत्पन्न किती? यंदा पीक कापणी प्रयोग किती झाले आणि कोणत्या गट नंबरात? त्यांचा सरासरी उतारा किती निघाला? आम्ही वीस जण होतो. वीस जणांत मिळून एकालाही एकाही प्रश्नाचे उत्तर आले नाही. पोरगा उद्धट नव्हता. त्याने वही मिटली आणि म्हणाला, "मग काका, आपण बोलायचं कशावर?"

त्याचे म्हणणे झोंबले, पण खरे होते. म्हणून हा लेख.

विमा ही मदत नव्हे

दुष्काळ पडला, गारपीट झाली, सरकारने हेक्टरी काही रक्कम जाहीर केली, तर ती मदत. ती मागावी लागते. देणारा म्हणेल तेवढी घ्यावी लागते. विम्याचे तसे नाही. विमा हा सौदा आहे. हप्ता भरला, पावती घेतली, त्या दिवशी सौदा झाला. सौद्यात निवेदन नसते, हिशेब असतो.

आपल्याला सौदा करता येत नाही असे कोणी म्हणेल काय? जिनिंगवर कापसाची गाडी उभी करतो तेव्हा आपण काय करतो? व्यापारी म्हणतो, माल ओला आहे. आपण मूठ भरून कापूस त्याच्या नाकासमोर धरतो. तो म्हणतो, कवडी आहे. आपण म्हणतो, दाखव कुठे आहे. वजन करताना नजर काट्यावरून हलत नाही. कटती किती लावली ते जागेवर विचारतो. भाव पटला नाही तर गाडी वळवायची तयारी ठेवतो. तेथे आपण 'व्यापारी साहेबांस नम्र विनंती' असा अर्ज लिहीत नाही.

मग विम्याच्या बाबतीतच हा शहाणपणा कोठे जातो? त्याचे कारण एकच. विम्याचा काटा कोठे लागतो, केव्हा लागतो, हे आपल्याला कोणी सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही.

काटा मंडळात लागतो

ही पद्धत कोठून आली ते थोडे पाहू. आपल्या देशात पीकविम्याचा पहिला प्रयोग १९७२-७३ साली झाला, तो कापसावरच. गुजरातमधील एच-४ या संकरित कापसाचा. त्या वेळी प्रत्येक शेतकऱ्याचे शेत वेगळे पाहून भरपाई ठरत असे. १९७८-७९ पर्यंत ही योजना चालली. तीत ३,११० शेतकरी आले, ४.५४ लाख रुपये हप्ता जमला आणि ३७.८८ लाख रुपये भरपाई द्यावी लागली. हा व्यवहार कोणाला परवडणार?

त्या काळात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक वि. म. दांडेकर यांनी दुसरा मार्ग मांडला. एकेका शेताचे नुकसान मोजत बसण्यापेक्षा, ज्या भागात पाऊस-जमीन-पीक सारखे आहे असा एक टापू धरावा, त्याचा सरासरी उतारा काढावा आणि तो घसरला तर त्या टापूतल्या सगळ्या विमाधारकांना एकाच प्रमाणात भरपाई द्यावी. १९७९ साली या पद्धतीचा प्रायोगिक विमा सुरू झाला. १९८५ साली सर्वंकष पीकविमा योजना आली. तीत ज्वारी होती, कापूस नव्हता. १९९९-२००० च्या रब्बीपासून राष्ट्रीय कृषी विमा योजना आली, तेव्हा कापसासारखी नगदी पिके आत आली. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीकविमा योजना आहे. नावे बदलली. पाया दांडेकरांनी मांडला तोच राहिला.

या पायाचा अर्थ नीट समजून घ्या. माझ्या शेतात बोंड राहिले की नाही, हे विमा विचारत नाही. माझ्या महसूल मंडळात सरासरी किती पिकले, एवढेच तो विचारतो. माझे सगळे गेले आणि मंडळाची सरासरी बरी निघाली, तर मला शून्य. माझे पिकले आणि मंडळ बुडाले, तर मलाही रक्कम. यात न्याय किती, अन्याय किती, हा वाद वेगळा. पण एक गोष्ट त्यातून सरळ निघते. एकट्या शेतकऱ्याला विमा कंपनीशी बोलण्यासारखे फारसे काही उरतच नाही. बोलायचे ते मंडळाने. आणि मंडळ म्हणून आपण कधी एकत्र बसलोच नाही. गावाची बैठक होते, तालुक्याची होते, जिल्ह्याची होते. ज्या मंडळावर पैसा ठरतो त्याची बैठक होत नाही.

हिशेब काय आहे?

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरले आहेत, रीत खरी आहे.

समजा, आपल्या मंडळात गेल्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची कापसाची सरासरी हेक्टरी १० क्विंटल आहे. महाराष्ट्रात जोखीमस्तर ७० टक्के धरतात. म्हणून उंबरठा उत्पन्न झाले ७ क्विंटल. यंदाच्या कापणी प्रयोगांत सरासरी ५.६ क्विंटल निघाली. तूट १.४ क्विंटल. ७ मध्ये १.४ म्हणजे २० टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ६०,००० रुपये धरली, तर भरपाई १२,००० रुपये.

आता मोजणीत हयगय झाली आणि ५.६ च्या जागी ६.३ क्विंटल लिहिले गेले, तर काय होते? हेक्टरी ७० किलोचा फरक. तूट उरली ०.७ क्विंटल, म्हणजे १० टक्के. भरपाई ६,००० रुपये. हेक्टरी ७० किलोंच्या चुकीत भरपाई निम्मी झाली. मंडळात विमा उतरवलेला कापूस ४,००० हेक्टर असेल, तर हा फरक २ कोटी ४० लाख रुपयांचा आहे. आणि हा फरक ठरतो दहाबारा चौकोनी तुकड्यांत, दोन-चार माणसांच्या समोर. तेथे कृषी किंवा महसूल खात्याचा माणूस असतो. कंपनीचा माणूस असतो, कारण सहनिरीक्षणाचा त्याला हक्क आहे आणि तो हक्क तो सोडत नाही. शेतमालक असतो. आपण कोठे असतो? आपण चार महिन्यांनी कलेक्टर कचेरीवर असतो.

जिनिंगवर दोन किलो कटती लावली तर भांडणारा माणूस अडीच कोटींच्या काट्याकडे फिरकत नाही, असा हा प्रकार आहे.

२०२५ पासून काट्याला महत्त्व आणखी वाढले

आधी विम्याला आणखी काही दारे होती. पेरणीच झाली नाही, हंगामाच्या मध्ये पावसाने ओढ दिली, गारपिटीने वा ढगफुटीने एखाद्याचे शेत वाहून गेले, काढून ठेवलेले पीक भिजले, तर त्याची वेगळी भरपाई होती. स्थानिक आपत्तीत ७२ तासांत पूर्वसूचना द्यायची, मग पंचनामा व्हायचा. आपल्यातले कितीतरी जण हे ७२ तास चुकले म्हणून नाकारले गेले. तरी दार होते.

२०२३ च्या खरिपात राज्य सरकारने एक रुपयात विमा आणला. शेतकऱ्याचा हिस्सा सरकारने भरायचा. आपण खूष झालो. पण फुकटाच्या मालाची राखण कोण करतो? सरकारी जमिनीवर, देवस्थानच्या जमिनीवर, पेरा नसलेल्या रानावर विमे उतरले. त्यातले काही सेवा केंद्रवाल्यांनी केले, काहींत आपलेही हात होते, हे कबूल करायला हवे. सरकारला निमित्त मिळाले. २०२५ च्या खरिपापासून एक रुपया गेला. खरीप ज्वारीला २ टक्के, रब्बी ज्वारीला १.५ टक्के, कापसाला जास्तीत जास्त ५ टक्के हप्ता पुन्हा आला. आणि त्याबरोबर वरची सगळी दारेही राज्याने बंद केली. त्या हंगामासाठी राहिला तो फक्त पीक कापणी प्रयोगाचा उतारा. बोगस अर्ज काढणाऱ्यांना शासन व्हायला हवे होते, ते राहिले बाजूला. खऱ्या शेतकऱ्याचे संरक्षण काढून घेतले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. नदीकाठची शेते खरवडून गेली, आणि स्थानिक आपत्तीचे कलम काही महिन्यांपूर्वीच वगळलेले होते.

ही दारे पुन्हा उघडावीत म्हणून लढावेच लागेल. पण ती उघडेपर्यंत जो एक काटा उरला आहे, त्याच्याजवळ आपण उभे राहणार की नाही, हा आजचा प्रश्न आहे.

समोरचा पक्ष कोण?

कंपनी चोर आहे, असे म्हणून भाषण संपवणे सोपे असते. पण सौदा करणाऱ्याला समोरचा पक्ष नेमका ओळखावा लागतो.

२०२० साली बीड जिल्ह्यासाठी खासगी कंपन्या पुढे आल्या नाहीत. तेव्हा सरकारी भारतीय कृषी विमा कंपनीशी वेगळा करार झाला. २०२२ पासून तोच नमुना राज्यभर आला. त्याला ८०:११० म्हणतात. जमलेल्या एकूण हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत भरपाई कंपनीने द्यायची, त्यापुढची राज्य सरकारने. आणि भरपाई कमी निघाली, तर हप्त्याच्या जास्तीत जास्त २० टक्के रक्कम कंपनीने ठेवायची, बाकीची सरकारला परत करायची.

आता विचार करा. एखाद्या वर्षी भरपाई हप्त्याच्या ८० टक्क्यांखाली राहिली, तर आणखी एक रुपया वाचवण्यात कंपनीचा काही फायदा उरत नाही. तो रुपया सरकारी तिजोरीत जातो. म्हणजे ज्या सरकारकडे आपण 'कंपनीला जाब विचारा' म्हणून निवेदन देतो, ते सरकार अशा वर्षी आपल्या भरपाईचे दुसऱ्या बाजूचे वाटेकरी असते. पंच म्हणून ज्याला बोलावले तोच खेळाडू निघाला. म्हणून आपले म्हणणे कोणाच्या कृपेवर सोडून चालणार नाही. ते कागदावर आणि वजनावर उभे असले पाहिजे.

मंत्र्याच्या शब्दावर विसंबण्याचे फळ कापूसवाल्यांनी २०१७ साली चाखले आहे. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये जाहीर झाले. त्यात आपत्ती निधीचे ६,८००, विम्याचे ८,००० आणि बियाणे कंपन्यांचे १६,००० अशी बेरीज होती. त्यातला सरकारच्या स्वतःच्या हातात होता तो पहिलाच आकडा. विम्याचे ८,००० कापणी प्रयोगाच्या उताऱ्यावर अवलंबून होते आणि फक्त विमाधारकाला मिळणार होते. बियाणे कंपन्यांनी तर वादच घातला. दुसऱ्याच्या खिशातल्या पैशाची घोषणा झाली आणि आपण ती स्वतःच्या खिशात धरून चाललो. करारात जे नाही ते कोणाच्याही भाषणाने करारात येत नाही.

कागद धरला तर काय होते, याचेही उदाहरण घरचेच आहे. २०२० च्या खरिपात उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात सोयाबीन पावसाने गेले. ७२ तासांत सूचना दिली नाही, असे म्हणून कंपनीने हात वर केले. शेतकऱ्यांच्या बाजूने सरकारी पंचनाम्यांचा कागद होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. २०२२ च्या मे महिन्यात साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश झाला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तेथेही त्याच वर्षी तिला सुटका मिळाली नाही. हे निवेदनाने झाले नाही. पंचनामा होता, म्हणून झाले.

मंडळाने काय करायचे?

आता कामाचे बोलू. यातले एकही काम वकिलाचे नाही.

पहिले, जूनमध्ये. विमा भरण्यापूर्वीच तालुका कृषी कार्यालयातून आपल्या मंडळाचे कापसाचे आणि ज्वारीचे उंबरठा उत्पन्न लिहून आणा. आकडा सरकीसह कापसाचा आहे की रुईचा, तेही विचारा. मागच्या सात वर्षांचे उतारे मागा. दिले नाहीत तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करा. हे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.

दुसरे, पेरणीनंतर. ई-पीक पाहणीत जे पेरले तेच आणि तेवढेच नोंदवा. कपाशीत तुरीची तासे असतील तर तशी मिश्र पिकाची नोंद करा. विम्याच्या अर्जात एक आणि सातबाऱ्यावर दुसरे असले की कंपनीला बोलायला जागा मिळते. मंडळात पेरा कमी आणि विमा उतरवलेले क्षेत्र जास्त निघाले, तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. शेजाऱ्याच्या खोट्या हेक्टराचे पैसे तुमच्या खऱ्या हेक्टरातून जातात, हे ध्यानात ठेवा.

तिसरे, आणि सर्वांत मोठे, कापणी प्रयोगाच्या वेळी. प्रयोगासाठी कोणते गट नंबर निघाले त्याची यादी आधी मागून घ्या. प्रत्येक ठिकाणी मंडळातले किमान पाच जण हजर राहा. शेत आपल्याच माणसाचे आहे, तेथे उभे राहायला कोणाची चिठ्ठी लागत नाही. काटा तपासा. तुकड्याचे माप टेपने धरताना टेपचे दुसरे टोक आपल्या हातात असू द्या. कपाशीची वेचणी एकदा होत नाही. दोन-तीन-चार वेळा होते. प्रत्येक वेचणीच्या वेळी तुकड्यातले वजन आपल्या वहीत वेगळे लिहा. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस जड भरतो, जिनिंगवाला जे आपल्याला सांगतो ते आपण येथे सांगायचे. ज्वारीचेही तसेच. ओल्या कणसाचे वजन आणि वाळलेल्या दाण्याचे वजन यांत फरक आहे. कोणते लिहिले ते पाहा. आता नोंद मोबाइलवर जागेच्या फोटोसह होते. तो फोटो शेतात काढला की बांधावर, हेही डोळ्यांनी पाहा. शेवटी जो आकडा भरला त्याचा आपल्या मोबाइलवर फोटो घ्या.

चौथे, मायबहिणींचे काम, आणि ते त्यांच्याशिवाय कोणाला जमणार नाही. वेचणीची मजुरी किलोवर असते. म्हणून प्रत्येक घरात वेचणीची वही असते. कोणी कोणत्या दिवशी किती किलो वेचले, याची इतकी चोख नोंद कोणत्याही सरकारी कचेरीत नाही. मंडळातल्या प्रत्येक गावातून दहा वह्या गोळा करा, सोबत कापूस विकल्याच्या पट्ट्या जोडा. भरपाई ठरते ती प्रयोगाच्या उताऱ्यावरच, वहीवर नाही, हे खरे. पण प्रयोग म्हणतो सात क्विंटल आणि पन्नास वह्या म्हणतात पाच, असा तक्ता तक्रार निवारण समितीपुढे ठेवला, तर 'प्रयोग कोठे आणि कसे झाले ते दाखवा' या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते. तालुक्याला आणि जिल्ह्याला अशी समिती असते. जिल्ह्याच्या समितीवर स्वतः जिल्हाधिकारी असतात. निवेदन द्यायला जातो त्याच खोलीत जायचे आहे. हातात वेगळा कागद घेऊन.

पाचवे, पैसे उशिरा आले तर व्याज मागा. भरपाई ठरलेल्या मुदतीनंतर दोन महिन्यांहून अधिक रखडली, तर कंपनीने १२ टक्के व्याज द्यायचे, असा नियम २०१८ साली आला. सरकारने आपला हिस्सा तीन महिन्यांहून अधिक लांबवला, तर त्यालाही १२ टक्के. सोसायटीचे कर्ज थकले की आपल्याला कोणी व्याज माफ करते काय? मग आपण का सोडायचे? आणि कोठेच दाद लागली नाही, तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. त्या दिवशी वरचे सगळे कागद लागतील.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच माणसांचा. 'एवढी मेहनत कशाला? कृषी सहायकाला हाताशी धरू, उतारा खाली दाखवू.' मी याच्या विरुद्ध आहे. नीतीची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवू, नुसता धंदा पाहू. आज खोटा लिहिलेला तीन क्विंटल उतारा पुढच्या सात वर्षांच्या तक्त्यात जातो. दोन वाईट वर्षे वगळतात, पण कोरडवाहू भागात खऱ्या दुष्काळाची दोन वर्षे तर हमखास असतात. मग खोटे वर्ष सरासरीत बसते आणि उंबरठा खाली आणते. ज्या वर्षी खरोखर मरू, त्या वर्षी स्वतःच खोदलेल्या खड्ड्यात पाय जाईल. शिवाय खोटेपणाची शिक्षा किती महाग पडते, ते एक रुपयाच्या विम्यात पाहिलेच. आपला काटा खरा असेल तरच दुसऱ्याचा काटा खोटा म्हणता येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'सगळे नीट मोजले तरी या विम्यात मिळते काय? ७० टक्क्यांचा उंबरठा म्हणजे पहिली ३० टक्के बुड आपलीच.' हे खरे आहे. वरच्याच उदाहरणात जोखीमस्तर ८० टक्के धरा. उंबरठा ८ क्विंटल होतो, तूट २.४ क्विंटल, म्हणजे ३० टक्के, आणि भरपाई १२,००० ऐवजी १८,००० रुपये. ९० टक्के धरला तर साडेबावीस हजारांच्या वर जाते. केंद्राच्या योजनेत ७०, ८० आणि ९० असे तिन्ही स्तर आहेत. ७० राज्याने निवडला आहे, आपण नव्हे. कोरडवाहू भागात आणखी एक अन्याय. जेथे वर्षाआड पाऊस दगा देतो, तेथे सात वर्षांची सरासरीच खाली बसलेली असते. ज्याला विमा सगळ्यात गरजेचा, त्याचाच उंबरठा सगळ्यात बुटका.

म्हणून आपली खरी मागणी रक्कम 'तातडीने मिळावी' ही नसावी. कोरडवाहू कापूस आणि ज्वारीला जोखीमस्तर वाढवून द्या, ही असावी. स्तर वाढला की हप्त्याचा दर वाढेल, हेही आपण उघड बोलले पाहिजे. शेतकऱ्याचा वाटा २ आणि ५ टक्क्यांवर बांधलेला असल्याने तो बोजा सरकारांवर पडेल आणि सरकार नको म्हणेल. तेव्हा आपण म्हणावे, मंडळाला निवड द्या. वाढलेल्या हप्त्यातला काही भाग भरायची ज्या मंडळाची तयारी असेल, त्याला वरचा स्तर द्या. काही मित्रांना हे बोचेल. पण एक रुपयात मिळालेल्या विम्याची किंमत समोरच्याने एक रुपयाच केली, हे आपण भोगले आहे. दाम मोजणाऱ्याला माल निवडता येतो.

आणि एक गोष्ट विसरू नका. २०२० च्या खरिपापासून विमा ऐच्छिक आहे. कर्जदारालाही मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला लेखी कळवून बाहेर राहता येते. विमा सोडा असे मी सांगत नाही, कोरडवाहूवाल्याने तो घ्यावा असेच माझे मत आहे. पण ज्याला उठून जाता येत नाही, त्याला घासाघीस करता येत नाही. मंडळाने पाच वर्षांत किती हप्ता भरला आणि किती भरपाई आली, याचा ताळा जूनच्या बैठकीत मांडावा आणि मग सगळ्यांनी मिळून ठरवावे. 'आम्ही सगळे विचार करून आलो आहोत' असे मंडळ म्हणू लागले की समोरच्याच्या बोलण्याचा सूर बदलतो. बाजारात बदलतो, तसा येथेही.

या बैठकीचा ठराव

या वेळी बैठकीत जुना ठराव मांडू नये, अशी माझी सूचना आहे. त्याऐवजी प्रत्येक महसूल मंडळाने जागच्या जागी पाच माणसांची नावे द्यावीत, त्यात दोन बाया असाव्यात. एकाने उंबरठ्याचे आकडे आणायचे. दोघांनी कापणी प्रयोगावर उभे राहायचे. बायांनी वेचणीच्या वह्या गोळा करायच्या. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक मंडळाने आपला एक तक्ता आणावा: उंबरठा किती, प्रयोग किती, वहीचा उतारा किती, रक्कम किती यायला हवी आणि किती आली.

त्या दिवशी कंपनीच्या त्या पोराला आपण पुन्हा भेटू. त्याने वही उघडण्याआधी आपली वही उघडलेली असेल. तो विचारेल, बोलायचे कशावर? आपण म्हणू, बस बाबा, या सत्तर किलोंवर.